बांधून पडून राहिलेला नवा फ्लॅट: टोकन देण्याआधी काय काय तपासायचं

वांगणी, आसनगाव, टिटवाळा, तळोजा फेज दोन, उलवे, द्रोणागिरी, पनवेलच्या पलीकडचा नैनाचा (विमानतळाभोवतीच्या नियोजित क्षेत्राचा) पट्टा. ठाणे आणि नवी मुंबईच्या या कडेवर पूर्ण बांधून झालेल्या, रंगही मारून झालेल्या, पण निम्म्याहून जास्त रिकाम्या इमारती सर्रास दिसतात. सेल्स ऑफिसात भाव ऐकला की ठाण्यात भाड्याने राहणारं कुटुंब हिशोब मांडायला लागतं: हप्ता जवळपास भाड्याइतकाच बसतोय, मग थांबायचं कशाला?

असा फ्लॅट घेऊच नये, असं आमचं म्हणणं नाही. पण तो इतकी वर्षं रिकामा का राहिला, हे कळेपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. कारणं साधारण तीनच असतात. कागद अडकलेला असतो, पाणी नसतं, किंवा माणसं अजून तिथवर आलेली नसतात. पहिल्या दोन कारणांवर कितीही सूट मिळाली तरी घर पदरात पडत नाही. तिसऱ्या कारणासाठी मात्र भाव पाडून मागायचा आणि मिळवायचा.

हा साठा कसा साचला, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून इमारतीचं वय आणि तिचं दुखणं ओळखता येतं. नवी मुंबई विमानतळाला तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ साली, आणि तिथून प्रवासी विमानं उडायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. नेरुळ-उरण रेल्वे खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये पोचली. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. मधल्या काळात या तिन्हींच्या नावावर उलवे, तळोजा, पनवेल इथे फ्लॅट विकले जात होते आणि घेणारे बरेचसे गुंतवणूकदार होते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोखीचा व्यवहार आटला. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी बुडीत निघाल्यावर वित्त कंपन्यांनी बिल्डरांचं कर्ज आखडलं. त्यामागून २०२० ची टाळेबंदी आली. त्यामुळे २०१६ ते २०२० या काळात काम थांबून पुन्हा सुरू झालेल्या इमारतीकडे जास्त कडक नजरेने बघायचं. कुठे बघायचं, ते पुढे येतंच.

पहिली फेरी रात्री, सेल्सवाल्याशिवाय

रविवारी दुपारी सॅम्पल फ्लॅट बघायला जाऊ नका. कामाच्या दिवशी तुमच्या ऑफिसातून सुटायच्या वेळी निघा, नेहमीची लोकल धरा, स्टेशनवरून शेअर रिक्षाने इमारतीपर्यंत जा. एकूण वेळ आणि एकूण पैसे लिहून ठेवा. शेअर रिक्षा रात्री किती वाजता बंद होते आणि त्यानंतर पूर्ण रिक्षाचे किती घेतात, हे स्टँडवरच विचारा. बदलापूरच्या पुढे कर्जत बाजूला गाड्यांची संख्या एकदम घटते, म्हणून वांगणी-शेलू बघणाऱ्यांनी शेवटची लोकल नक्की बघून घ्यावी.

रात्री आठ ते नऊच्या दरम्यान इमारतीसमोर उभं राहून दिवे लागलेल्या खिडक्या मोजा, आणि फ्लॅटच्या एकूण संख्येशी ताडून बघा. पडदे, वाळत घातलेले कपडे, गॅलरीतल्या कुंड्या हेही बघा, कारण जिन्यातले आणि सॅम्पल फ्लॅटचे दिवे मुद्दाम चालू ठेवले जातात. आमचा ढोबळ नियम असा: तिसऱ्या हिश्श्याहून कमी घरांत माणसं राहत असतील, तर लिफ्ट, पाणी, राखण या सगळ्याचा भार मोजक्या घरांवर पडतो, आणि तो भार भावात धरूनच बोलणी करायची.

मग गेटवर जा. "दादा, पाणी किती वाजता येतं? टँकर येतो का? काल आला होता का?" हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे. पहिल्या प्रश्नाला सगळेच "भरपूर पाणी आहे" म्हणतात. "काल आला होता का?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. मग तिथे राहणाऱ्या दोन वेगवेगळ्या मजल्यांवरच्या घरांची बेल वाजवा. रिकाम्या इमारतीत राहणारी माणसं नव्या शेजाऱ्यासाठी आसुसलेली असतात, मोकळेपणाने बोलतात. तळोज्यात बघत असाल तर एमआयडीसीकडून येणाऱ्या वासाबद्दल नक्की विचारा. तो दिवसा जाणवेलच असं नाही.

पाणी

नळजोडणी आहे की नाही, हे तोंडी ऐकून घेऊ नका. इमारतीच्या नावावर आलेलं पाण्याचं शेवटचं बिल मागा. बदलापूर-अंबरनाथला ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं असेल, सिडकोच्या नोडमध्ये (सिडकोने वसवलेल्या वस्तीत) सिडकोचं, महापालिकेत महापालिकेचं. बिलावर जोडणीचा व्यास, मीटर नंबर आणि वापर दिसतो. जोडणीचा प्रकार बांधकामासाठीचा असेल, तर ती कायमची जोडणी नाही.

हिशोब असा. माणशी रोज १३५ लिटर हा नेहमीचा शहरी निकष आहे. चौघांच्या घराला रोज ५४०, म्हणजे महिन्याला १६,२०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका घरामागे महिन्याला दीड टँकरहून थोडं जास्त. टँकर दोन हजार रुपयांना पडत असेल, तर नुसत्या पाण्याचे महिना सव्वातीन हजार होतात. उन्हाळ्यात दर चढतो. हा आकडा कर्जाच्या हप्त्यात मिळवून मग घर परवडतं का ते बघा. बोअरवेलचं पाणी असेल तर बाटलीत भरून टीडीएस (विरघळलेल्या घटकांचं प्रमाण) आणि क्षार तपासून घ्या. उरण-द्रोणागिरीच्या खाडीलगतच्या भागात हे टाळू नका.

आणि पुराचं पाणी. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. त्या पट्ट्यात नदीजवळचा फ्लॅट असेल, तर नियोजन प्राधिकरणाकडे पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तळमजल्याच्या भिंतीवर, मीटर रूमच्या दारावर, लिफ्टच्या खड्ड्यात पाण्याची मातकट रेघ आहे का बघा. नवा रंग फक्त कमरेपर्यंतच मारलेला असेल तर कारण विचारा.

कागद

सगळ्यात आधी ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. त्याची झेरॉक्स हातात घेऊन चार गोष्टी ताडून बघायच्या: विंगचं नाव, मजल्यांची संख्या, सदनिकांची संख्या, आणि आवक-जावक क्रमांक. भाग भोगवटा असेल तर तुमचा मजला त्यात येतो का ते बघा. प्रमाणपत्रात स्टिल्ट (खालचा पार्किंगचा मजला) अधिक सात मजले आणि जागेवर आठ दिसत असतील, तर आठवा मजला स्वस्त का मिळतोय याचं उत्तर तिथेच मिळालं. ग्रामपंचायत हद्दीत सरपंचाच्या सहीचा दाखला किंवा घरपट्टीची पावती दाखवतात. बहुमजली इमारतीसाठी तो ओसी नव्हे.

महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नंबर बघायचाच, पण तो शेवटचा शब्द समजायचा नाही. कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ६५ इमारतींनी महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे राहायला गेलेली कुटुंबं साधी होती, त्यांच्याकडे कर्जही बँकांचं होतं. हे आपल्या बाबतीत होऊ नये म्हणून बांधकाम परवानगी आणि ओसी या दोन्हींचे जावक क्रमांक घेऊन संबंधित नगररचना विभागात स्वतः जा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. पाच-सात वर्षं पडून असलेला फ्लॅट आणखी महिनाभरात कुठे पळून जात नाही. "ऑफर रविवारपर्यंतच आहे" या वाक्याला भिऊ नका.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मूळ पूर्णत्वाची तारीख, वाढवलेली तारीख, किती सदनिका विकल्या, कोणते खटले चालू आहेत आणि किती तक्रारी आहेत हे दिसतं. तिमाही माहिती वेळच्या वेळी भरली आहे का बघा. ज्याने ती दोन वर्षं भरलेली नाही, तो विक्रीनंतर तुमचा फोनही उचलणार नाही. ज्या इमारतीला १ मे २०१७ च्या आधीच पूर्णत्वाचा दाखला मिळाला, ती महारेरावर सापडणार नाही. त्यात फसवणूक नाही, पण मग रेराचं संरक्षणही त्या इमारतीला मिळत नाही, हे धरून चाला.

जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार काढा. 'इतर हक्क' रकाना शांतपणे वाचा: बँकेचा बोजा, कुळाचं नाव, न्यायालयाचा मनाई हुकूम तिथे सापडतो. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर वर्ग १ झाल्याचा किंवा विक्रीच्या परवानगीचा आदेश मागा. शहापूर, मुरबाड, कर्जत बाजूला जमीन मूळ आदिवासी खातेदाराची नव्हती ना, हे जुन्या फेरफारांत पाहा, कारण अशी जमीन बिगर-आदिवासीकडे जायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती नसेल तर व्यवहारच अडचणीत येतो. बिनशेतीचा आदेशही बघायचा.

सिडकोच्या नोडमध्ये जमीन भाडेपट्ट्याने असते. तिथे वेगळा घोळ होतो. बिल्डरने ठरलेल्या मुदतीत बांधलं नसेल, तर सिडको वाढीव मुदतीसाठी जादा भाडेपट्टा अधिमूल्य आकारते आणि ते भरेपर्यंत ओसी किंवा ना-हरकत अडकते. रखडलेल्या इमारतींमध्ये हे नेहमीचंच. सिडकोचं थकबाकी नसल्याचं पत्र मागा. साडेबारा टक्के योजनेतला (जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना परत मिळालेला) भूखंड असेल, तर मूळ प्रकल्पग्रस्तापासून बिल्डरपर्यंतची त्रिपक्षीय करारनाम्यांची साखळी सलग हवी. मधला एखादा वारस सहीतून सुटलेला असेल तर दावा तिथूनच येतो.

गावठाणातल्या किंवा ठाण्याच्या दिवा गावासारख्या भागातल्या 'नोटरीवर' मिळणाऱ्या फ्लॅटबद्दल एकच: नोटरीच्या कागदाने स्थावर मालमत्तेची मालकी येत नाही. तिथे थांबा.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या मोफत ई-सर्चमध्ये गाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकून त्या इमारतीच्या सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे) काढा. यातून दोन कामं होतात. तुम्हाला दाखवलेला फ्लॅट आधी कुणाच्या नावे नोंदला गेलाय का ते कळतं, आणि शेजारचे फ्लॅट खरोखर किती रुपयांना गेले तेही कळतं. दुसरा आकडा बोलणीच्या दिवशी खिशात ठेवा. फ्लॅट जमीनमालकाच्या वाट्याचा असेल, तर विकायचा अधिकार कुणाला आणि सही कुणाची, हे जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातल्या विकसन करारनाम्यात वकिलाकडून वाचून घ्या.

मालमत्ता कराचं बिलही मागा. त्यावर 'शास्ती' म्हणून रक्कम लावलेली असेल तर ती अनधिकृत बांधकामाची खूण असते.

बिल्डरचं कर्ज

न विकलेला साठा बहुधा कुठल्यातरी बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे गहाण असतो. हे चुकीचं नाही, पण लपवणं चुकीचं आहे. तुमच्या फ्लॅटचा नंबर लिहिलेली, कर्ज देणाऱ्या संस्थेची ना-हरकत हवी. त्या पत्रात पैसे कोणत्या खात्यात भरायचे तो खाते क्रमांक असतो, आणि तुमचा प्रत्येक चेक त्याच खात्यात गेला पाहिजे. घोळ इथे होतो: बिल्डर म्हणतो "या खात्यात टाका, मी वळते करतो", पैसे दुसरीकडे जातात, वित्त कंपनीपर्यंत पोचत नाहीत, आणि वर्षभराने दारावर सरफेसीची (थकीत कर्जवसुलीच्या कायद्याची) जप्तीची नोटीस लागते. नोंदणीकृत करार हातात असूनही मग न्यायाधिकरणात चकरा माराव्या लागतात.

सर्साईच्या (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीच्या) संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून मालमत्तेवरचा बोजा शोधता येतो. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आहे का, हे दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरच्या जाहीर सूचनांमध्ये बघा. गेली असेल तर बिल्डर किंवा त्याचा एजंट तुम्हाला फ्लॅट विकूच शकत नाही, कारभार प्रक्रिया-अधिकाऱ्याकडे गेलेला असतो.

एक सोपा पडताळा: तुमचं कर्ज देणारी राष्ट्रीयीकृत बँक या इमारतीत कर्ज द्यायला तयार आहे का? दोन अशा बँकांनी नकार दिला आणि बिल्डरचा माणूस एकाच ठरावीक फायनान्स कंपनीकडे ढकलतोय, तर नकाराचं कारण बँकेच्या वकिलाकडून समजून घेईपर्यंत पुढे जाऊ नका.

इमारत: चाव्या घेऊन, प्लंबर आणि वायरमनसोबत

रिकामं घर वापरातल्या घरापेक्षा लवकर बिघडतं. वर्षानुवर्षं पाणी न फिरलेले पाइप, बंद खिडक्या, कोरडे ट्रॅप, गंजलेले रूळ. यातलं बरंच दुरुस्त होतं, पण काय दुरुस्त होतं आणि काय नाही हे ओळखता आलं पाहिजे.

सांगाड्यापासून सुरुवात करा. काम मधेच थांबलेल्या इमारतीत खांबांच्या सळ्या दोन-तीन पावसाळे उघड्या राहतात आणि मग गंज न काढता त्यावरच पुढचं काँक्रीट ओततात. महारेराच्या जुन्या नोंदींत किंवा गुगल अर्थवरच्या जुन्या चित्रांत बांधकाम कोणत्या मजल्यावर थांबलं होतं ते शोधा आणि नेमक्या त्याच मजल्यावर जा. खांबाच्या तळाशी आडवी रेघ, तिथून ओघळलेला तांबूस डाग, सळीच्या दिशेने गेलेली उभी फट, ठोकल्यावर पोकळ आवाज. यातलं काही सापडलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. प्लास्टरच्या केसासारख्या जाळीदार भेगांना घाबरायचं कारण नाही. व्हिजिटिंग कार्डाची कड आत शिरेल एवढी फट बीम किंवा खांबावर असेल तर मात्र ती नोंदवायची.

इंजिनिअर अल्ट्रासोनिक चाचणी करेल. वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली आला तर शंका घ्यायची. हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलीव्होल्टच्या पलीकडचं वाचन आलं तर सळी गंजत असण्याची शक्यता खूप जास्त. या चाचण्यांचा खर्च एकट्याने करण्यापेक्षा त्याच इमारतीत बघणाऱ्या तिघाचौघांनी मिळून करावा.

गच्चीवर जा. कोब्यावर पाण्याचे डाग गोल-गोल दिसले तर उतार नीट नाही. पन्हाळीचं तोंड प्लास्टिक आणि पानांनी बुजलेलं असतं, त्यामुळे गच्चीवर पाणी साचून वरच्या मजल्याचं छत गळतं. बाहेरच्या भिंतीत, पाइपच्या मागे पिंपळाचं रोप उगवलंय का बघा. नुसतं छाटून उपयोग नाही, मूळ जोडात शिरलेलं असतं आणि प्लास्टर फोडूनच काढावं लागतं. टाकीत पाणी भरून ठेवायला सांगा, पातळीवर खडूने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. बरेच उन्हाळे कोरड्या राहिलेल्या काँक्रीटच्या टाक्या पहिल्यांदा भरल्यावर झिरपतात.

आता फ्लॅटमध्ये. दार उघडताच गटाराचा वास आला तर दचकू नका. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी अडून राहतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. महिन्या-दोन महिन्यांत ते आटतं. प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये अर्धी बादली पाणी ओता आणि खिडक्या बंद करून दुसऱ्या दिवशी या. वास गेला असेल तर काही अडचण नाही. राहिला असेल तर ट्रॅप फुटलाय किंवा बसवलेलाच नाही, आणि ते दुरुस्त करायला फरशी उखडावी लागते.

बाथरूमची पाणी चाचणी ४८ तासांची करा. नहाणीचं तोंड पॉलिथिन आणि चिंध्यांनी घट्ट बुजवा, वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्या, दोन इंच पाणी साठवा. खालचा फ्लॅट बहुधा रिकामाच असतो, तेव्हा त्याचीही चावी मागून घ्या. गळती तुमच्या घरात नाही, खालच्या छतावर दिसते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमवरही हीच चाचणी करायला सांगा, कारण तिथून गळणारं पाणी तुमच्या छतावर येणार आहे. बिल्डर कां-कू करत असेल तर त्याला उत्तर माहीत आहे असं समजा.

प्लंबरकडच्या हँडपंपाने पाण्याच्या लाइनला सहा-सात किलोचा दाब देऊन दोन तास ठेवा. काटा उतरला तर भिंतीत गळती आहे. नळांचे वॉशर, फ्लशच्या टाकीतले रबर सुकून चिरलेले असतातच, ते बदलायचे किरकोळ खर्चात धरा.

वायरिंगमध्ये पहिला प्रश्न: तार जागेवर आहे का? रिकाम्या इमारतींतून तांब्याची तार ओढून नेण्याचे प्रकार होतात आणि वर बोर्ड मात्र नवेकोरे दिसतात. प्रत्येक खोलीतला एक बोर्ड उघडायला लावा. दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तार हवी. वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) असेल तर इन्सुलेशन एक मेगओहमच्या वर आलं पाहिजे. ओल शिरलेल्या भिंतीत ते हमखास पडतं. आरसीसीबीचं (वीजगळती झाल्यावर पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबल्यावर ते ट्रिप व्हायलाच हवं.

फरशीवर नाण्याने ठोकत फिरा, पोकळ आवाजाच्या फरशांवर खडूने फुली मारा. दाराच्या चौकटीचा तळ स्क्रूड्रायव्हरने टोचा. लाकूड भुसभुशीत लागलं तर वाळवी आहे. आणि टेप घेऊन स्वतः मोजा. रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि शाफ्ट धरत नाहीत. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. करारातल्या क्षेत्रापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त कमी भरलं तर पैसे परत मागता येतात.

लिफ्टचा परवाना केबिनमध्ये किंवा ऑफिसात असायला हवा, त्यावरची तारीख बघा. अग्निशमन यंत्रणेचा 'फॉर्म बी' दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. शेवटचा कधी दिला ते विचारा, आणि जिन्यातल्या फायर होजचा व्हॉल्व्ह उघडून पाणी येतं का ते समोर बघा.

भाव आणि कर

बिल्डरलाही घाई असते. पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यावर दोन वर्षांपर्यंत न विकलेल्या फ्लॅटवर प्राप्तिकर लागत नाही. त्यानंतर तो रिकामा असला तरी मानीव (मिळालं असं धरलेल्या) भाड्यावर कर लागतो. शिवाय कर्जाचं व्याज चालूच असतं. म्हणून मॉड्युलर किचन, सोन्याचं नाणं, दोन वर्षं भाड्याची हमी असल्या गोष्टी घेऊ नका. दर कमी करून मागा. भाड्याची हमी देणाऱ्याने ती रक्कम भावात आधीच चढवलेली असते.

पण किती खाली जायचं यालाही मर्यादा आहे, आणि इथे बरेच जण फसतात. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचा (सरकारच्या वार्षिक मूल्यदराचा) भाव आणि करारातला भाव यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. पुढे, रेडी रेकनरची किंमत करारापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. समजा रेडी रेकनर ४० लाख आणि करार ३४ लाखांचा. ३४ चे दहा टक्के मिळवून ३७.४ होतात, ४० त्याच्या वर आहे, म्हणून सहा लाख तुमचं उत्पन्न. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह त्यावर सुमारे १ लाख ८७ हजार कर बसतो. करार ३७ लाखांचा असेल तर मर्यादा ४०.७ होते आणि काहीच लागत नाही. तेव्हा बोलणीला बसण्याआधी त्या सर्व्हे नंबरचा वार्षिक मूल्यदर काढून ठेवा. 'वरचे रोख द्या' याला सरळ नाही म्हणा.

ओसी मिळाल्यानंतरच्या विक्रीवर जीएसटी नाही. ओसी नसेल तर ५ टक्के, आणि ६० चौरस मीटर कार्पेट व ४५ लाखांच्या आतल्या घरावर १ टक्का. तयार घर म्हणून विकत असतील आणि जीएसटीही मागत असतील, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं, महिलेच्या एकटीच्या नावे घेतल्यास १ टक्का कमी. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. ५० लाख किंवा त्याहून जास्त किंमत असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा प्राप्तिकर) तुम्हीच कापून भरायचा.

टोकन, करार, मेंटेनन्स

टोकन चेकनेच द्या. पावतीवर फ्लॅट नंबर, कार्पेट, एकूण किंमत आणि 'कर्ज नामंजूर झाल्यास किंवा हक्क समाधानकारक न आढळल्यास संपूर्ण परत' हे लिहून घ्या. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार पहिल्या १५ दिवसांत रद्द केलं तर कपात नाही. नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्याने बंदी आहे.

करारात एक कलम शोधा: न विकलेल्या सदनिकांचा मेंटेनन्स कोण भरणार? १२० फ्लॅटच्या इमारतीचा महिन्याचा ठरलेला खर्च दीड लाख असेल तर घरटी १,२५० येतात. ३० घरांतच माणसं असतील आणि बिल्डर भरत नसेल तर तेच ५,००० होतात. 'बिल्डरला लागू नाही' असं कलम काढायला लावा. ५१ टक्के बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटी नोंदवण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. तो टाळत असेल तर राहणारे एकत्र येऊन उपनिबंधकांकडे अर्ज करू शकतात.

खासगी बिल्डर नको असेल तर म्हाडा कोकण मंडळाची खोणी, शिरढोण इथली किंवा सिडकोची तळोज्यातली न विकली गेलेली घरंही बघा. म्हाडा अशी घरं प्रथम येणाऱ्यास प्राधान्य पद्धतीनेही देते. कागद स्वच्छ असतो. दिवे आणि पाणी मात्र तिथेही स्वतः जाऊनच मोजायचं. उत्पन्नाची अट आणि पुढच्या विक्रीवरची बंदी जाहिरातीत वाचून घ्या.

ताबा घेतल्यावर

ताबापत्रावर तारीख हवीच, कारण रेराखालची पाच वर्षांची दोष-दुरुस्तीची जबाबदारी तिथपासून मोजतात. रेरात नोंदलेली इमारत जुनी असली तरी तुमची मोजणी तुमच्या ताब्यापासून सुरू होते. खडूच्या फुल्या, भेगा, ओल यांचे तारखेसह फोटो काढून त्याच दिवशी ईमेलने पाठवा.

राहायला जाण्याआधी सगळे नळ एकेक करून गढूळपणा जाईपर्यंत सोडा, जाळ्या काढून त्यातली वाळू झटका, टाक्या ब्लीचिंग पावडरने धुवून घ्या. महावितरणचं मीटर आणि घरपट्टी स्वतःच्या नावावर करा, पण त्याआधी दोन्हींची बिल्डरच्या नावावरची थकबाकी त्याच्याकडून भरून घ्या. आणि पहिला पावसाळा येण्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, गच्चीवर जाऊन पन्हाळीची तोंडं हाताने साफ करून या. वरचे फ्लॅट रिकामे असतील तर ते दुसरं कुणी करणार नाही.